लाकडी घराचा वरचा मजला

१

चहा संपवून मंडळी कोर्टाच्या दालनात परतली, तेव्हा लाकडी घराचा वरचा मजला जागेवर नव्हता.

घर म्हणजे राहायचं घर नव्हे. हिरव्या बनातीच्या मोठ्या टेबलावर मांडलेली ती एक जुनी प्रतिकृती होती. मधे वीतभर रुंदीचा रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर एकेक घर, एक व्यापाऱ्याचं, दुसरं पोस्टमास्तरांचं. शंभरएक वर्षांपूर्वी हा व्यापारी आपल्याच सज्ज्यातून खाली पडून मेला. समोरच्या पोस्टमास्तरांनी शपथेवर सांगितलं, की त्याच्या बागेतल्या माळ्याला त्याला ढकलताना मी माझ्या वरच्या खिडकीतून पाहिलं. खटला याच दालनात चालला. जागेची कल्पना यावी म्हणून न्यायाधीशांनी सुताराकडून ही प्रतिकृती करून घेतली होती. माळ्याला जन्मठेप झाली आणि तो तुरुंगातच वारला. पुढे कोर्ट नव्या इमारतीत गेलं, जुन्या इमारतीची डागडुजी होऊन तिथे शहराच्या इतिहासाचं संग्रहालय झालं, आणि सगळ्यात जास्त गर्दी या लाकडी घरांपुढे व्हायला लागली. भिंतीवर पितळी पाटी होती : ‘खुनी माळ्याच्या खटल्यातील घरे’.

संग्रहालय उघडल्यापासून आज पहिल्यांदाच प्रतिकृतीवरची काच काढली होती. उद्या सकाळी इथे जाहीर सभा होती. माळ्याची पणती एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायची. तिनं संग्रहालयाच्या समितीला कळवलं होतं, की या घरात पोस्टमास्तरांची खिडकी आहे तिथून व्यापाऱ्याचा सज्जा दिसूच शकत नाही, मधे जिन्याची भिंत येते. म्हणजे साक्ष खोटी. हो-ना करत समितीनं सभा ठरवली होती.

आणि खिडकी ज्यात होती तो मजलाच आता नव्हता.

“कोणीही हलायचं नाही!” वकीलसाहेब गरजले.

ते निवृत्त वकील. इथे हौसेनं मार्गदर्शकाचं काम करायचे आणि रोज हा खटला आवाज बदलून बदलून प्रेक्षकांना ऐकवायचे. टेबलावर लाकडी घरांशेजारी नकाशेवालीनं केलेली त्यांची दुप्पट मोठी पुठ्ठ्याची नक्कल ठेवली होती, मागच्या खुर्च्यांवरून दिसावी म्हणून. मघाशी पंख्याच्या वाऱ्यानं ती पुठ्ठ्याची घरं सरकत होती, म्हणून प्रत्येकावर एकेक पितळी पेपरवेट ठेवलं होतं. वकीलसाहेबांनी त्यातलं एक उचललं आणि न्यायाधीश हातोडा आपटतात तसं टेबलावर दाणकन आपटलं.

“हे कोणाच्या सोयीचं आहे ते शेंबड्या पोरालाही कळेल!”

सगळ्यांच्या नजरा दातांच्या डॉक्टरांकडे वळल्या. ते पोस्टमास्तरांचे पणतू होते. शिवाय समितीचे सभासद, आणि या दालनाच्या डागडुजीचा खर्चही त्यांनीच केलेला. त्यांचा चेहरा लाल झाला.

“शब्द मागे घ्या, वकीलसाहेब. नाहीतर मी आत्ता पोलिसांना बोलावतो आणि उद्याची सभा रद्द.”

संग्रहालयाची प्रमुख मटकन खुर्चीत बसली. नोकरीत ती अजून कायम झाली नव्हती. तिनं मागच्या बाकावर बसलेल्या मावशीकडे पाहिलं.

“मावशी, तूच काहीतरी कर गं.”

२

मावशी पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्या होत्या. भाची किती दिवस बोलवत होती तरी त्या संग्रहालयात फिरकल्या नव्हत्या. “आयुष्य कोर्टाच्या बाकांवर गेलं. आता तिकीट काढून परत तिथेच बसू?” असं म्हणायच्या. आज कंटाळा आला म्हणून आल्या, तर हे पुढ्यात.

त्यांनी आधी पहारेकऱ्याला विचारलं. इमारतीला दार एकच होतं आणि तो तिथून हलला नव्हता. बाहेर कोणी गेलं नव्हतं, आत कोणी आलं नव्हतं. चहा दाराच्या आतल्या, दालनाबाहेरच्या व्हरांड्यात झाला. तेवढ्या वेळात डॉक्टर फोन आला म्हणून आत गेले होते, वकीलसाहेब हात धुवायला गेले होते आणि नकाशेवाली टेप आणायला. तिघंही एकेकटेच.

“म्हणजे मजला इमारतीतच आहे,” भाची म्हणाली.

“असायला हवा. केवढा होता?”

“चपलांच्या खोक्याएवढा.”

मग शोधाशोध झाली. न्यायासनाच्या मागे, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात, आरोपीला खाली न्यायच्या अरुंद जिन्यावर, कपाटांवर, पडद्यांमागे पाहून झालं. तिघांनी आपापल्या बॅगा उघडून दाखवल्या. वकीलसाहेबांच्या बॅगेतून प्रेक्षकांच्या टाळ्या घेतानाचा स्वतःचाच छापील फोटो निघाला, तेवढीच काय ती करमणूक.

मावशी मात्र शोधायला गेल्या नाहीत. त्या टेबलाशी वाकून उरलेलं लाकडी घर निरखत होत्या. मजला बसवलेला असायचा तिथे नखाएवढा एक कपचा पडला होता. त्यांनी तो बोटावर घेतला आणि खिडकीच्या उजेडात धरला. एका बाजूला जुना दिसणारा पिवळा रंग. तुटलेल्या कडेला मात्र एकावर एक चिकटवलेले पातळ थर.

त्यांनी तो रुमालात गुंडाळला आणि भाचीला म्हणाल्या, “मला तिघांशी वेगवेगळं बोलू दे. आधी डॉक्टर.”

३

डॉक्टर साक्षीदारांच्या जुन्या खोलीत येरझाऱ्या घालत होते.

“तुम्हीही माझ्यावरच संशय घेणार, नाही का?”

“अजून कोणावरच घेतला नाहीये. बसा. खिडकीचं प्रकरण तुम्हाला आधीपासून माहीत होतं?”

“त्या बाईंनी सगळ्या सभासदांना फोटो पाठवले होते. समोरून, बाजूनं, वरून. माझ्याकडे आहेत, समितीत प्रत्येकाकडे आहेत. चोरून मी काय लपवणार?” डॉक्टर शेवटी बसले. “खरं सांगू? मला तो मजला तिथेच हवा होता. माझं म्हणणं असं, की शंभर वर्षांत या खेळण्याचं काय काय झालं असेल कोणास ठाऊक. म्हणून उद्या लाकडाच्या जाणकाराला बोलवा, असा हट्ट मीच धरला होता.”

मावशींनी मान वर केली. “जाणकार येणार हे तिघांनाही माहीत होतं?”

“आज सकाळीच सगळ्यांना सांगितलं. काच काढली तेव्हा.”

वकीलसाहेब न्यायासनाच्या पायरीवर बसले होते. आवाज आता खाली आला होता.

“मॅडम, मी जरा जास्तच बोललो का?”

“जरा. ही प्रतिकृती इथे आणली तेव्हा तुम्ही होता?”

“होतो की. कोर्टाच्या अडगळीतून निघाली. एका अंगाला वाळवी लागलेली, धुळीनं माखलेली. आधी कधीतरी कोणीतरी थोडीफार दुरुस्ती केलेली होती म्हणतात. कोणी, काय, ते कोणालाच ठाऊक नाही. आम्ही नुसती पुसून काचेत ठेवली.”

“आणि साक्ष खोटी ठरली तर तुमच्या रोजच्या प्रयोगाचं काय?”

वकीलसाहेब हसले. “अहो, उलट दुप्पट चालेल! खुनी माळ्यापेक्षा निर्दोष माळ्याला जास्त टाळ्या पडतात. मी तर दोन्ही शेवट बसवून ठेवलेत.”

मावशींना त्यांचा राग आला नाही. अशी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. वकीलसाहेबांना सत्याशी वैर नव्हतं, फार ओळखही नव्हती.

४

नकाशेवाली वरच्या प्रेक्षक-सज्ज्यात कठड्याला टेकून उभी होती. चाळिशीची, केस घट्ट बांधलेले, बोटांना कटरचे जुने वण.

“आईला काय सांगू तेच कळत नाही,” ती आपणहून म्हणाली. “उद्या येणार आहे ती. माळी तिचे आजोबा. शाळेत मुली तिच्याशेजारी बसायच्या नाहीत. लग्नाच्या वेळी घराण्याचं नाव कोणी काढलं, की आजी विषय बदलायची. आईनं या इमारतीत कधी पाय ठेवला नाही. उद्या पहिल्यांदा येणार.”

“तुम्ही तिला काय सांगितलंत?”

“की सिद्ध झालंय.”

“झालं होतं?”

“फोटो आहेत ना सगळ्यांकडे. मजला चोरून खरं थोडंच लपतं?”

“फोटो कधी काढले होते?”

“मागेच. काचेबाहेरून.”

“आणि मजला हातात घेतलात तो आज. पहिल्यांदाच.”

“हो. आतून मापं घ्यायची होती.”

“घेतलीत?”

“घेतली.”

“बरोबर आली?”

“अगदी,” ती म्हणाली आणि खाली दालनाकडे पाहायला लागली.

मावशीही पाहायला लागल्या. खाली भाची टेबलाशी एकटीच कागद गोळा करत होती. उकडत होतं म्हणून पहारेकऱ्यानं पंखा वाढवला. कागद भुर्रकन उडाले आणि भाची त्यांच्यामागे धावली. पुठ्ठ्याचं व्यापाऱ्याचं घर पेपरवेटखाली होतं. पुठ्ठ्याच्या पोस्टमास्तरांच्या घरावरचं पेपरवेट मघाशी वकीलसाहेबांनी उचललं होतं, ते टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पडलेलं. त्या घरावर काहीच वजन नव्हतं.

ते घर तसूभरही हललं नाही.

मावशींनी शेजारी पाहिलं. नकाशेवालीनंही ते पाहिलं होतं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

५

“सगळ्यांना व्हरांड्यात बसव,” मावशी खाली येऊन भाचीला म्हणाल्या. “आणखी एकेक चहा दे. दार लावून घे.”

दालनात नकाशेवाली आणि त्या, दोघीच उरल्या. मावशी साक्षीदारांच्या बाकावर बसल्या आणि समोरची खुर्ची पुढे ओढली.

“बस. उभी राहू नकोस.”

ती बसली.

“मी आधी एवढाच विचार केला, की मजला नेऊन कोणाचा काय फायदा,” मावशी म्हणाल्या. आवाजात ना दम होता ना दया. “खिडकी कुठे आहे हे फोटोत दिसतं आणि फोटो सगळ्यांकडे आहेत. म्हणजे चोराला खिडकी लपवायची नव्हती. मग फोटोत न दिसणारं असं काय होतं त्या मजल्यात? त्याचं लाकूड. हे बघ.”

त्यांनी रुमाल उलगडला.

“माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटाची दारं असल्याच लाकडाची आहेत. पाणी लागलं की फुगतात. त्यावरून सुताराशी माझं रोजचं भांडण. हे प्लायवूड आहे, कारखान्यात केलेलं. खटल्याच्या वेळचं बाकी घर सागवानी आहे. म्हणजे तो मजला मूळचा नाही. वाळवीनं खाल्ला असेल, म्हणून कोणीतरी मागाहून नवा करून बसवला. आणि करणाऱ्यानं खिडकी आपल्या मनानं पाडली. मूळची कुठे होती, देव जाणे.”

नकाशेवाली खाली मान घालून ऐकत होती.

“उद्या जाणकार येणार होता. त्यानं हातात घेताच ओळखलं असतं. तुझा सगळा पुरावा त्या खिडकीवर उभा आणि खिडकीच खोटी. डॉक्टरांना मजला तपासून हवा होता, वकीलसाहेबांना दोन्ही शेवट चालणार होते. मजला नाहीसा झाला तर फायदा तुझ्या एकटीचाच. फोटो तेवढे राहतात, आणि लोक म्हणतात, खरं होतं म्हणून तर पळवलं.”

“लपवला कुठे, ते—”

“ते पंख्यानं सांगितलं. पुठ्ठ्याला एवढं वजन येत नाही.”

ती उठली. पुठ्ठ्याच्या घराचं छप्पर तिनं दोन्ही हातांनी अलगद काढलं, आत हात घातला आणि पिवळ्या रंगाचा मजला बाहेर काढून बनातीवर ठेवला. एका कोपऱ्याचा टवका उडाला होता.

“मापं घेताना नखाला कड लागली,” ती म्हणाली. “माझं कामच हे आहे. बघितल्याबरोबर कळलं. आधी वाटलं, सांगून टाकावं. मग आईनं उद्यासाठी इस्त्री करून ठेवलेली साडी डोळ्यांसमोर आली.” ती थांबली. “डॉक्टरांवर आळ यावा असं काही मी ठरवलं नव्हतं. पण वकीलसाहेब त्यांच्यावर ओरडले ना, तेव्हा मला बरं वाटलं. घटकाभर का होईना, बरं वाटलं. पणजोबांकडेही असंच कोणीतरी बोट दाखवलं असेल.”

मावशींनी कपचा रुमालासकट मजल्याशेजारी ठेवला.

“पोलिसांत देणार?”

“वस्तू इमारतीबाहेर गेली नाही. तक्रार करायची की नाही ते भाची ठरवेल. माझं म्हणशील तर,” त्या उठल्या, “उद्या सभेत कोणीतरी हे सांगायला हवं. तू सांगितलंस तर एक, मी सांगितलं तर दुसरं. दोन्हीत फरक आहे, तो तुला मी समजावायला नको.”

“आईसमोर?”

“आईसमोर.”

६

दुसऱ्या दिवशी दालन भरलं होतं. आदल्या दिवशी डॉक्टरांना आणि वकीलसाहेबांना भाचीनं एवढंच सांगितलं होतं, की मजला सापडला, बाकी उद्या. रात्रभर ती झोपली नव्हती. मावशीवर चिडून झालं होतं, मग रडून झालं होतं.

पहिल्या रांगेत आई बसली होती. कडक इस्त्रीची साडी, हातात काठी, नजर समोरच्या पाटीवर.

नकाशेवाली पुढे आली. साक्षीदाराच्या पिंजऱ्याचं फाटक उघडंच होतं, पण ती आत गेली नाही. टेबलाशीच उभी राहिली.

“मी दिलेला पुरावा चुकीचा आहे,” ती म्हणाली. “हा मजला जुना नाही. यातली खिडकी कोणीतरी मागाहून पाडली आहे. हे मला काल कळलं. कळल्यावर मी मजला लपवला, आणि डॉक्टरांवर आळ आला तरी गप्प राहिले. डॉक्टर, मी तुमची माफी मागते.”

दालनात कुजबुज वाढत गेली. मागून कोणीतरी “रक्तच तसं!” म्हणालं. वकीलसाहेब ताडकन वळले, पण कोण बोललं ते दिसलं नाही. नकाशेवालीनं आईकडे पाहिलं नाही.

लाकडाच्या जाणकारानं मजला उलटसुलट केला आणि मान डोलावली. नवाच होता. सभेला आता काही कामच उरलं नव्हतं. भाची आभार मानायला उठणार, तेवढ्यात डॉक्टर उभे राहिले.

“मलाही एक सांगायचंय,” ते म्हणाले. “सांगायचं ठरवून आलो नव्हतो. या बाईंनी आत्ता जे केलं, त्यानंतर खाली बसून राहणं जमेना.”

त्यांनी चष्मा काढून पुसला.

“आमच्या घरातले पुरुष दिवेलागणीनंतर गाडी चालवत नाहीत. मी नाही, माझे वडील नव्हते चालवत. आजोबा तर संध्याकाळी घराबाहेरच पडायचे नाहीत. आम्हाला अंधुक उजेडात दिसत नाही. रातांधळेपणा आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचा. आजोबा सांगायचे, हा त्यांना वडिलांकडून आला. म्हणजे पोस्टमास्तरांकडून. व्यापारी पडला तो दिवे लागल्यानंतर. निकालपत्रात तसं आहे, मी वाचलंय. कितीदा तरी वाचलंय.”

पहिल्या रांगेत आईनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

“ते मुद्दाम खोटं बोलले, की आपल्याला दिसलं असं त्यांना खरंच वाटलं, मला माहीत नाही. खिडकी कुठेही असली तरी त्या वेळी समोर कोण उभं आहे हे त्यांना ओळखता आलं असतं, असं मला वाटत नाही. आमच्या घरात हे कोणी मोठ्यानं बोलत नाही. घरातल्या बायकांना सगळ्यांना माहीत आहे.”

ते खाली बसले. त्यांच्या बायकोनं त्यांच्या हातातला चष्मा घेतला, काचा पदरानं नीट पुसल्या आणि परत दिला.

“म्हणजे माळी निर्दोष!” वकीलसाहेबांना राहवलं नाही.

“नाही,” बाकावरून मावशी म्हणाल्या. “साक्ष गेली, एवढंच. व्यापारी कसा पडला ते कोणीच पाहिलं नाही.”

पहिल्या रांगेतली काठी फरशीवर आपटली. आई उठत होती. नकाशेवाली धावली, तिनं हात पुढे केला. आईनं तो धरला नाही. एकटीच उठून उभी राहिली.

“आजोबांनी ढकललं की नाही, हे कळलं नाही. असंच ना?” तिनं मावशींना विचारलं.

“असंच.”

“आणि आता कळणारही नाही.”

“नाही. माझ्या मते तरी नाही.”

आई पाटीपाशी गेली. जवळचं दिसायला तिला वेळ लागत होता. एकेक अक्षर जुळवत तिनं ती वाचली. पहिल्या शब्दावर जरा जास्त वेळ गेला.

“मग तसं लिहा,” ती म्हणाली. “कळलं नाही म्हणून लिहा. आम्हाला एवढंही कोणी कधी म्हटलं नव्हतं.”

पाटी बदलायची तर समितीचा ठराव लागतो, आणि ठरावाला पुढची बैठक. भाचीनं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी मान हलवली. तिनं पहारेकऱ्याला पेचकस आणायला सांगितलं.

स्क्रू रंगानं बुजले होते, पटकन निघेनात. पहारेकरी घामाघूम झाला, मग डॉक्टरांनी कोट काढून पाटीचं दुसरं टोक धरलं. पाटी खाली आली तेव्हा नकाशेवाली आईशेजारी भिंतीशी उभी होती. आई अजून तिच्याशी बोलली नव्हती.

“मला खोटं सांगितलंस,” शेवटी आई म्हणाली.

“हो.”

“परत सांगू नकोस.”

“नाही सांगणार.”

आईनं काठी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हातानं लेकीचं मनगट धरलं.

“चल,” ती म्हणाली, “खटल्यात आजोबा कुठे उभे होते ते दाखव.”